रिंगणाबाहेर आलेला खेळ : पोकेमॉनच्या मोबाइल ॲप्सची एक चिकित्सा

मराठी मुलांच्या मैदानी खेळांत ‘टाइमप्लीज’ नावाची एक सोय कित्येक पिढ्या चालत आली आहे. धावता धावता पायात काटा रुतला, चपलेचा अंगठा तुटला किंवा घरातून हाक आली, की भिडू ‘टाइमप्लीज’ म्हणतो आणि तेवढ्यापुरता खेळातून सुटतो. ज्याच्यावर राज्य असेल त्याने अशा भिडूला बाद करावयाचे नसते. शब्द परका असला तरी संकेत पूर्णतः रुळलेला आहे आणि त्यात खेळाच्या स्वरूपाविषयीचे एक महत्त्वाचे तत्त्व सामावलेले आहे. खेळाला कड असते आणि ती ओलांडून बाहेर पडण्याचा अधिकार खेळणाऱ्याकडे असतो.

डच इतिहासकार योहान हॉयझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात हीच कड ‘मंत्रवर्तुळा’च्या कल्पनेतून मांडली. क्रीडांगण, रंगमंच, यज्ञवेदी ही सारी नेहमीच्या जगापासून वेगळी काढलेली स्थळे असून त्यांच्या सीमेआत वेगळे नियम चालतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रेंच विचारवंत रोजे काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळाची लक्षणे अधिक काटेकोरपणे सांगितली. खेळ ऐच्छिक, वेगळा काढलेला, अनिश्चित, अनुत्पादक, नियमबद्ध आणि कल्पित असतो. त्याची दैनंदिन व्यवहाराशी सरमिसळ झाली की तो विकृत होतो, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. गेल्या दशकातील काही मोबाइल ॲप्सनी मात्र हीच सरमिसळ आपले ध्येय म्हणून जाहीरपणे स्वीकारली आहे. पोकेमॉन या विख्यात जपानी खेळमालिकेची तीन ॲप्स या दृष्टीने विचारार्ह ठरतात : चालण्याचा खेळ करणारे ‘पोकेमॉन गो’ (२०१६), दात घासण्याचा खेळ करणारे ‘पोकेमॉन स्माइल’ (२०२०) आणि झोपेचा खेळ करणारे ‘पोकेमॉन स्लीप’ (२०२३). त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा आरोग्यलाभ आणि व्यसन या दोन टोकांमध्ये अडकून पडते. या ॲप्समुळे जीवनात किती खेळ आला, यापेक्षा खेळणाऱ्याला बाहेर पडण्याची वाट कितपत उरली, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

पूर्वपीठिका

पोकेमॉनचे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोलगतच्या माचिदा येथे किडे गोळा करण्यात गेले. पुढे तेथील शेते आणि तळी शहराच्या विस्तारात नाहीशी झाली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. गवतातून हिंडावे, अनोळखी जीव पकडावा, त्याची नोंद करावी, आपल्याकडे नसलेला मित्राकडून अदलाबदलीने मिळवावा, हा नाहीसा झालेला नित्यानुभव खेळात जतन झाला. काही प्राणी एकाच आवृत्तीत मिळत. सर्व गोळा करायचे तर दुसरे मूल शोधणे आणि दोन यंत्रे तारेने जोडणे भाग होते. जीवनातून काहीतरी उचलून रिंगणात आणावे, असा त्या खेळाचा प्रवाह होता. यंत्र बंद केले की ते जग होते तिथेच थांबून राही.

या थांबण्याला पहिली चीर पडली ती १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांत. त्यांत घड्याळ होते. बाहेर रात्र झाली की आतही रात्र होई आणि काही प्राणी रात्रीच भेटत. तत्पूर्वी, १९९८ मध्ये, चालणाऱ्याची पावले मोजणारा खिशातला पिकाचू बाजारात आला होता. २००९ मध्ये ‘पोकेवॉकर’ हे तशाच जातीचे उपकरण नव्या खेळांसोबत मिळू लागले. तथापि ही सगळी स्वतंत्र, एकाच कामाची खेळणी होती. ती टेबलाच्या खणात टाकून शाळेला जाता येत असे. ज्यावर घरचा निरोप येतो, पैसे दिले जातात आणि पहाटेचा गजर लागतो, त्या मोबाइलला खणात टाकता येत नाही. खेळाचा मुक्काम अशा वस्तूत हलला, हा बदल खेळाच्या नियमांतील कोणत्याही बदलाहून मोठा होय.

रस्ता आणि नकाशा

‘पोकेमॉन गो’ची कुळकथा खेळापेक्षा नकाशाशी अधिक जोडलेली आहे. निॲन्टिक ही कंपनी २०१० मध्ये गूगलच्या पोटात सुरू झाली. तिचे प्रमुख जॉन हँकी हे ‘गूगल अर्थ’ ज्यातून उभे राहिले त्या ‘कीहोल’ कंपनीचे संस्थापक. २०१२ मध्ये निॲन्टिकने ‘इन्ग्रेस’ हा खेळ आणला. शहरांतील पुतळे, भित्तिचित्रे, देवळे, कारंजी ही त्या खेळातील मोक्याची ठाणी होती आणि त्यांतील बरीचशी खेळाडूंनीच छायाचित्रांसह सुचविलेली होती. १ एप्रिल २०१४ रोजी गूगलने आपल्या नकाशावर पोकेमॉन लपविण्याची एक दिवसाची थट्टा केली. निॲन्टिक २०१५ मध्ये गूगलपासून वेगळी झाली आणि ६ जुलै २०१६ रोजी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिकेत ‘पोकेमॉन गो’ अवतरला. ‘इन्ग्रेस’ची ठाणीच त्यात ‘पोकेस्टॉप’ झाली.

या खेळाचे गुण मान्य केल्यावाचून त्याची समीक्षा न्याय्य होणार नाही. वर्षानुवर्षे ज्या पुतळ्याखालून माणसे न पाहता जात होती त्याचे नाव त्यांनी प्रथमच वाचले. अनोळखी माणसे उद्यानांत एकत्र आली. वयाने व व्यवसायाने कधीही एका बाकावर न बसणारे लोक एकाच प्राण्याभोवती उभे राहिले. ताजिरींच्या बालपणातील हिंडणे काही आठवडे तरी खरोखर रस्त्यावर परत आले होते.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील एका अभ्यासानुसार पहिल्या आठवड्यात खेळाडूंची रोजची पावले सरासरी ९५५ ने वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ही वाढ ओसरून गेली. आरोग्याचा उपाय म्हणून खेळ अल्पजीवी ठरला, असा याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. खेळाच्या बाजूने पाहता अर्थ वेगळा निघतो. माणसे खेळली, त्यांना कंटाळा आला आणि ती दुसऱ्या कामाला लागली. खेळाने याहून वेगळे काय करावयाचे असते? पतंगाचे दिवस संपले म्हणून पतंग निष्फळ ठरत नाहीत. पण ज्या खेळाचे अर्थकारण खेळाडूच्या रोजच्या हजेरीवर उभे आहे त्याला हा कंटाळा परवडणारा नसतो. सलग सात दिवस येणाऱ्याला बक्षीस देण्याची योजना २०१६ मध्येच आली. २०१८ च्या अखेरीस आलेल्या सुविधेने तर, खेळाडूने संमती दिल्यास, ॲप बंद असतानाही त्याची पावले मोजली जाऊ लागली. खेळ मिटला तरी मोजणी चालू, ही अवस्था ‘टाइमप्लीज’च्या नेमकी उलट आहे.

रिंगणाची कड पुसली जाण्याचा दुसरा परिणाम खेळाडूवर नव्हे, तर न खेळणाऱ्या जगावर होतो. वॉशिंग्टन येथील ज्यूंच्या वंशसंहाराच्या स्मृतिसंग्रहालयाला २०१६ च्या जुलैमध्ये आपल्या दालनांत हा खेळ खेळू नये, अशी विनंती करावी लागली. हिरोशिमाच्या शांतता उद्यानातील ठाणी ६ ऑगस्टच्या स्मरणदिनापूर्वी हटविण्यात आली. याहून बोलके उदाहरण भारतातील आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये, खेळ भारतात अधिकृतपणे उपलब्ध होण्याच्या तीन महिने आधीच, गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली आणि न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या. खेळातील अंडी हिंदू व जैन मंदिरांच्या जागी दिसतात व त्यामुळे श्रद्धा दुखावते, असा त्यातील एक मुद्दा होता. इंग्रजी वृत्तपत्रांतून या याचिकेची बरीच थट्टा झाली. सौंदर्यशास्त्राच्या अंगाने पाहता ती थट्टेवारी नेण्याजोगी खचितच नाही. खेळातील अंडे ही केवळ एक खूण आहे. ठरावीक अंतर चालले की ते उबते आणि त्यातून प्राणी निघतो. रिंगणाच्या आत त्याचा आहाराशी काहीही संबंध नाही, जसा बुद्धिबळातील उंटाचा वाळवंटाशी नाही. परंतु पटावरचा उंट पटावरच राहतो. देवळाच्या दारात उमटलेल्या अंड्याभोवती पट उरत नाही. तेथे ते पुन्हा अंडेच होते. चिन्हाला खेळातील अर्थ रिंगणामुळे मिळतो, हे याचिकाकर्त्याच्या तक्रारीने हॉयझिंगांच्या भाष्यकारांपेक्षाही स्पष्टपणे दाखवून दिले.

जागेची संमती न घेता जागेला खेळात ओढले जाते, तेव्हा कोणती जागा ओढली जाते हेही पाहावे लागते. अमेरिकेतील अर्बन इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये वॉशिंग्टन शहराविषयी केलेल्या पाहणीत गोऱ्या बहुसंख्येच्या वस्त्यांत सरासरी ५५ ठाणी, तर कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत १९ ठाणी आढळली. ‘इन्ग्रेस’चे सुरुवातीचे खेळाडू जेथे राहत व फिरत, तेथील स्थळे नोंदली गेली, उरलेली शहरे नकाशावर रिकामी राहिली. भारतात डिसेंबर २०१६ मध्ये खेळ आला तो रिलायन्स जिओच्या सहकार्याने आणि त्या समूहाची दुकानेच ठाणी बनली. जपानमध्ये त्याआधी मॅकडोनल्ड्सच्या सुमारे तीन हजार उपाहारगृहांनी हीच भूमिका पार पाडली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये खेळ हिंदीत आला व आठशेहून अधिक प्राण्यांना हिंदी नावे मिळाली. हे स्वागतार्हच, परंतु ज्या शहरांत पदपथ फेरीवाले, वाहने आणि खोदकाम यांच्या वाट्याला गेलेला असतो, तेथे पडद्याकडे पाहत चालणारा नागरिक गृहीत धरणे ही भाषांतराने न सुटणारी अडचण आहे.

शोशाना झुबॉफ यांनी ‘द एज ऑफ सर्व्हेलन्स कॅपिटलिझम’ (२०१९) या ग्रंथात हाच धागा पकडला. खेळाडूंना वाटते आपण प्राण्यांमागे चाललो आहोत. प्रत्यक्षात पैसे भरणाऱ्या दुकानांच्या दाराशी त्यांना आणून सोडले जाते, अशी त्यांची मांडणी आहे. ती प्रभावी असली तरी पुरेशी नाही, कारण तीत खेळाडू निव्वळ मेंढरू ठरतो. २०२१ मधील घटना वेगळे चित्र दाखविते. कोविडच्या काळात ठाण्याशी संपर्क साधण्याचे अंतर ४० मीटरवरून ८० मीटर करण्यात आले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिका व न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा कमी होताच खेळाडूंनी संघटित निषेध केला. अपंग खेळाडूंची अडचण आणि गर्दीचा धोका त्यांनी पुढे मांडला आणि त्याच महिन्यात कंपनीला ८० मीटर कायम करावे लागले. खेळाडू आंधळे नव्हते. मात्र या विजयातही एक उणीव दिसते. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ हवा की नको, हे भिडू तिथल्या तिथे ठरवितात. येथे चाळीस मीटरच्या नियमासाठी परदेशातील एका कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. नियम वाटाघाटीने बदलला; पण ती भिडूंमधली वाटाघाट नव्हती, तिचा रंग कामगार आणि मालक यांच्यातील बोलणीचा होता.

हा रंग पुढे अधिकच गडद झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये निॲन्टिकने भौगोलिक अवकाश ‘समजणारे’ एक मोठे संगणकीय प्रतिमान उभारत असल्याचे जाहीर केले. त्यासाठी खेळाडूंनी कॅमेऱ्याने टिपून पाठविलेली स्थळे उपयोगात आणली होती. असे टिपण ऐच्छिक असते व नुसते चालल्याने ते घडत नाही, हे कंपनीचे स्पष्टीकरण नोंदविणे आवश्यक आहे. २०२५ मध्ये निॲन्टिकने आपला खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरना ‘स्कोपली’ या सौदी मालकीच्या कंपनीस विकला. अवकाशीय तंत्रज्ञानाचा भाग स्वतंत्र कंपनी म्हणून वेगळा काढण्यात आला. खेळ एकीकडे, नकाशा दुसरीकडे. काय्वा यांच्या ‘अनुत्पादक’ या लक्षणाचे पुढे काय झाले, ते या वाटणीत दिसते. ज्यांनी हौसेने पुतळ्याभोवती फेरी मारून त्याचे चित्रण पाठविले, त्यांच्या लेखी तो खेळ होता. त्यातून उत्पन्न झालेली वस्तू मात्र खेळ नव्हती.

निद्रेची मोजदाद

रस्त्यावरून खेळ शय्येपर्यंत पोहोचला तो जुलै २०२३ मध्ये. ‘पोकेमॉन स्लीप’मध्ये झोपताना फोन गादीवर उशीजवळ ठेवावयाचा असतो. हालचाल आणि आवाज यांवरून ॲप झोपेची नोंद करते, रात्रीतील घोरणे किंवा बडबड सकाळी ऐकविते आणि झोपेचे हलकी, मध्यम व गाढ अशा अर्थाच्या तीन प्रकारांपैकी एकात वर्गीकरण करते. साडेआठ तासांच्या झोपेला शंभर गुण मिळतात. स्नोरलॅक्स नावाचा एक अगडबंब निद्रिस्त प्राणी मध्यभागी असतो. खेळाडूचे गुण आणि त्या प्राण्याचे बळ यांच्या गुणाकारातून त्याच्याभोवती कोणते पोकेमॉन येऊन झोपतील, ते ठरते. दिवसातून तीन वेळा त्याला जेवण द्यावयाचे असते. सोमवारी नवा आठवडा, नवा स्नोरलॅक्स.

या ॲपची कल्पित चौकट कमालीची अर्थपूर्ण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. एक प्राध्यापक पोकेमॉनच्या झोपेचा अभ्यास करीत आहेत आणि खेळाडू हा त्यांचा संशोधन-साहाय्यक आहे. त्याचे काम झोपणे हे आहे. विनोद म्हणून ही कल्पना गोड आहे. अध्यापकवर्गास तर ती विशेष रुचावी. पण विनोदाच्या आवरणाखाली जे घडते ते असे की, मनुष्याच्या चोवीस तासांतील ज्या एकमेव भागात कर्तव्य पूर्णतः स्थगित होते, तेथे कर्तव्य आणून ठेवले जाते. अमेरिकन समीक्षक जोनाथन क्रेरी यांनी २०१३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात निद्रेला भांडवली व्यवस्थेपुढील अखेरचा अडथळा मानले होते : झोपलेल्या माणसाकडून काही काढून घेता येत नाही. झोपेतील माणसाकडून निदान नोंदी काढून घेता येतात, एवढी भर दशकभरात पडली आहे.

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकतो. रात्री उशिरापर्यंत पडद्यात डोके घालून बसणाऱ्या तरुणाला हे ॲप लवकर झोपावयास लावत असेल, तर बिघडले कोठे? आक्षेप वजनदार आहे. फोन खाली ठेवल्याशिवाय ज्यात डाव सुरूच होत नाही, असा मोबाइलवरील खेळ दुर्मीळ म्हणावा लागेल. या बाबतीत त्याच्या रचनाकारांची कल्पकता निर्विवाद आहे. तथापि चालणे आणि झोपणे यांत एक मूलभूत भेद आहे, तो विसरता येत नाही. चालणे इच्छेने होते. अधिक चालावयाचे ठरविले तर अधिक चालता येते. झोप इच्छेला वश नसते, उलट इच्छेने पाठलाग केला की ती दूर जाते. झोपमापक उपकरणांचे आकडे सुधारण्याच्या ध्यासातून झोपच बिघडल्याची काही उदाहरणे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांनी २०१७ मध्ये नोंदविली आणि त्या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. ती निरीक्षणे या ॲपपूर्वीची व मनगटी उपकरणांविषयीची आहेत. परंतु शंभरपैकी गुण देणारी कोणतीही रचना त्याच वाटेवर उभी असते. आजारी मुलाच्या उशाशी जागलेल्या आईला, रात्रपाळीच्या परिचारिकेला, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या विद्यार्थ्याला सकाळी कमी गुण मिळतात. मैदानावर कमी गुण मिळाले तर ते खेळातले असतात. इथे ते ज्या रात्रीला मिळतात ती रात्र खेळातली नव्हती.

हॉयझिंगांच्या वर्तुळात शिरताना मनुष्याला आपण शिरतो आहोत याची जाणीव असते. ‘जणू’ हा भाव खेळणारा सतत सांभाळीत असतो. भातुकलीतील मुलगी दगडाला भाकरी म्हणते, पण तो दगड चावत नाही. झोपेत हा ‘जणू’ टिकवणारे कोणी जागे नसते. म्हणून ‘पोकेमॉन स्लीप’मध्ये खेळणारा मनुष्य आणि खेळली जाणारी कृती यांची कधी गाठच पडत नाही, खेळाडू सकाळी येऊन आपल्या अनुपस्थितीत झालेल्या डावाचा निकाल वाचतो. त्याला खेळ म्हणावे की प्रगतिपुस्तक, हा प्रश्न शब्दच्छलाचा राहत नाही.

मोरीतला खेळ

कालक्रमाने मधले, पण येथे अखेरीस विचारात घेतलेले ‘पोकेमॉन स्माइल’ हे ॲप जून २०२० मध्ये आले. समीक्षकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. लहान मुलांना दात घासण्याची गोडी लावणारी एक किरकोळ क्लृप्ती, एवढेच त्याचे वर्णन झाले. मूल कॅमेऱ्यासमोर उभे राहते, पडद्यावर त्याच्या डोक्यावर पिकाचूची किंवा दुसऱ्या एखाद्या प्राण्याची टोपी चढते आणि ब्रश फिरेल तसतसे किटाणूंच्या तावडीतील पोकेमॉन सुटत जातात. नीट घासले तर शेवटी तो पकडता येतो. एक, दोन किंवा तीन मिनिटे, जी मुदत मोठ्या माणसाने ठरवून दिली असेल तेवढाच हा डाव असतो.

तिघांत सर्वांत साधे असलेले हे ॲप खेळाच्या कसोटीवर सर्वांत खरे उतरते, असे म्हणावे लागते. त्याचे चित्रकाम बेताचे आहे आणि शंभराहून थोडे अधिक प्राणी संपले की नवलाई ओसरते. तिखटजाळ वाटणाऱ्या पेस्टची धास्ती असलेल्या चार वर्षांच्या मुलाला मात्र त्या दोन मिनिटांत खरोखरीचे रिंगण मिळते : आरशासमोरची जागा, ठरलेली मुदत, डोक्यावरची खोटी टोपी. टोपी खोटी आहे हे त्याला ठाऊक असते. आरशात ती दिसत नाही, पडद्यावर दिसते, आणि मूल दोन्हींकडे आळीपाळीने पाहून हसते. किटाणूही खोटे, पण दात खरे. ब्रश करता करता पोकेमॉन सुटतो, मूल चूळ भरते आणि डाव संपतो. रात्री पुन्हा दात घासेपर्यंत ॲपला त्या मुलाकडे काही काम नसते.